एकवीस गाणे, उक्त्यानं

४ जुलै १९५४, रविवार

मीच काऊन म्हणजे? मंग कोण? पोरगा केशव पुलगावच्या डेपोत कारकून. शनिवारच्या गाडीनं घरी येते, रविवारी झोपते, सोमवारी पहाटे परत जाते. त्याले मास्तर शोधायले टाइम कुठं. सुनेनं, म्हणजे इंदिरानं, डोक्यावर पदर घेऊन पेटीमास्तरायच्या मुलाखती घ्याव्या काय. यशोदा माझी बायको, पण तिच्यापुढं मास्तर आणला की ती पयले त्याले जेवाले वाढते, आणि जेवताना सगळेच चांगले दिसतात. राह्यलो मी. कोणी इचारलं नाई म्हणा. पण इचारलं असतं तर हे उत्तर आहे.

गोठ अशी की नात लीना, अकरा वर्षाची, आज सकाळी म्हणे, आबाजी, मले गाणं शिकायचं आहे. ही पोट्टी तशीही दिवसभर गातेच. विहिरीवर गाते, तांदूळ निवडताना गाते, माझ्या धोतराले नीळ देताना गाते. मी म्हटलं, येते ते शिकायचं काय? म्हणे, येत नाई म्हणूनच तर. मी तिथंच ऑर्डर काढली. मास्तर आणतो. भुलाबाई बसायच्या आत तुले तयार करतो.

भुलाबाई, म्हणजे पोट्ट्यायचा गाण्याचा सण, बसते भादव्याच्या पुनवेले. दोन महिने आहेत. बैलजोडी पारखायले मले अर्धा तास लागते.

तीस वर्ष कापसाची अडत केली. रुई दोन बोटात ताणली की कोणत्या गावचा माल ते सांगतो. माणूस ताणायले वेगळी विद्या लागत नाई.

६ जुलै, मंगळवार

शेजारचे प्रभाकरराव शाळेत हेडमास्तर आहेत. न इचारता सल्ला देतात, त्याचाच पगार भेटते त्याइले. म्हणे, नालवाडीच्या सुलोचनाबाईकडं न्या, पण त्या पाचच पोरी घेतात. मी म्हटलं, पाचच काऊन, गिऱ्हाईक येत नाई काय. ते हसले. हेडमास्तर हसले की समजायचं, उत्तर नाई.

उद्या आठ वाजता जातो. साडेआठले फायनल.

७ जुलै, बुधवार

नालवाडी. बाई साठीच्या असतील. खादीचं पातळ, सारवलेली ओसरी. चहा इचारला नाई, ते मले आवडलं. फुकट चोचले नाईत.

मंग तंबोरा काढला. खुंटी पिळली, कान लावला. पिळली, कान लावला. मले वाटलं बिघडला. म्हटलं, बाई, दुसरा नाई काय. म्हणे, बिघडला नाई, लावून राह्यली. मी म्हटलं, पोट्टी येणार हे माहीत होतं, आधीच लावून ठेवाचा. आम्ही तोलायचा काटा लावायले एवढा टाइम घेतला तर बाजारातल्या कापसाच्या बंड्या आपापल्या गावाले परत जातील. लीना मले चिमटे काढून राह्यली होती.

तंबोरा लागला एकदाचा. मंग बाई पोट्टीले म्हणे, ऐकत बस, आणि जवा वाटेल तवा सा लाव. पोट्टी तारेकडं कान देऊन बसली. मंग तिनं एक सा लावला. लांब. बस, एवढंच. बाई म्हणे, छान, उद्या पण हाच. मी इचारलं, गाणं कवा? म्हणे, सांगता येत नाई. अंदाजे? म्हणे, वर्षभर तरी आवाजच बसवू. माझी काठी जमिनीवर वाजत होती, मले ध्यानातही नोतं. तर मले म्हणे, महादेवराव, तुम्ही जरा ओसरीत बसा.

माझ्या वयाच्या माणसाले. ओसरीत.

परत येताना लीना टांग्यात म्हणे, आबाजी, ह्याच बाई. मी म्हटलं, तुले माणसाची पारख नाई. एका सुराले एक वर्ष, तर सात सुराले सात वर्ष. तवर तुझं लगीन होऊन जाईल, सासरच्यायले काय सा दाखवशील? टांगेवाला तानबा हसला. म्हणजे त्याले पटलं.

बाई नापास.

लीना दुपारी जेवली नाई. हवा पावसाळी आहे, पोट बिघडलं असन.

११ जुलै, रविवार

केशव म्हणे, बाबा, तिले त्या बाई आवडल्या होत्या. मी म्हटलं, आवडते त्याले मिठाई म्हणतात, विद्या नाई. गप झाला. ऑफिसात साहेबापुढं गप बसायची प्रॅक्टिस आहे त्याले.

इंदिरा पोळ्या करत होती, तिथूनच म्हणे, मामाजी, घाई काय आहे. मी म्हटलं, घाई नाई, स्पीड आहे. दोन्हीत फरक आहे. कोणता, ते तिनं इचारलं नाई.

१५ जुलै, गुरुवार

मास्तर भेटला. हरिभाऊ, भजनी मंडळाचे. तंबोरा नाई, खुंटी नाई, कान लावणं नाई. आले, बसले, टाळ घेतला, सुरू. पाच मिनिटात पोट्टी गाऊन राह्यली. याले म्हणतात शिकवणं. मी ओट्यावर बसून होतो, रस्त्यावरचे लोक थांबले. हरिभाऊचा नियम एकच, आवाज देवापर्यंत गेला पाह्यजे.

आधीच मले इचारलं असतं तर नालवाडीचा टांगा वाचला असता. पण मीच मले काय इचारणार.

१९ जुलै, सोमवार

लीनाचा घसा बसला. हरिभाऊ म्हणे, बसला नाई, उघडून राह्यला. यशोदानं हळद-दूध केलं आणि हरिभाऊले ओट्यावरच सांगतलं, भाऊ, देव काई बहिरा नाई, पोट्टीले सोडा. मी मधात पडलो नाई. मले त्यायचा टाळ पयलेपासूनच जरा जास्त वाटत होता.

२५ जुलै, रविवार

आज वावरात गेलतो. निंदणाच्या बाया बांधावर बसून पान खात होत्या, कारण त्या रोजानं आहेत. रोजानं असलेला माणूस दिवस पाहते. उक्त्यानं असलेला काम पाहते. उक्तं म्हणजे सगळं काम एका ठरावानं, कवाही ये, कसंही कर, काम पुरं करून दे. कापूस वेचाले आपण काय करतो? जेवढा वेचला तेवढा मोजून घेतो. कोणी बांधावर बसत नाई.

तिथं पऱ्हाटीत उभा असताना डोक्यात उजेड पडला. गाणं आजवर सगळे महिन्यानं शिकवतात. म्हणूनच एका 'सा'ले वर्ष लागते. गाणं उक्त्यानं द्याचं.

या देशात हे कोणाले सुचलं नाई. शिकलेल्या लोकायले सुचत नाई, कारण ते वावरात जात नाईत.

२९ जुलै, गुरुवार

रूपराव आले. पयले फिरत्या नाटक कंपनीत पेटी वाजवत. सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधेल, केसाले तेल, बोलणं गोड. मी ठराव सांगतला. एकवीस गाणे, भुलाबाईच्या आत, उक्ते. दुसरा मास्तर असता तर म्हणला असता, आवाज पाहतो, पोरीले ऐकतो. रूपराव म्हणे, एकवीसच काऊन, पंचवीस करू. मी म्हटलं, एकवीसच. जास्तीचा माल गोदामात खराब होते.

लीनानं इचारलं, मास्तर, तंबोरा? रूपराव म्हणे, बाई, तंबोरा म्हाताऱ्यायसाठी. मी हसलो. लीना नाई हसली. तिले विनोद उशिरा समजते.

८ ऑगस्ट, रविवार

काम जोरात. पाच गाणे झाले. मी कोळशानं खोलीच्या भिंतीवर रेघा मारतो. गाणं संपलं, रेघ. लीना भिंतीकडं पाहत गाते, म्हणजे तिलेही हुरूप आहे.

केशव ऐकून म्हणे, बाबा, हे मघाचंच नोतं काय? मी म्हटलं, शब्द ऐक की जरा. मघा देवीचं होतं, आता कृष्णाचं आहे. त्याले समजलं नाई. रात्रंदिवस डेपोत राहून कानाचं काई होत असन.

१५ ऑगस्ट, रविवार

सकाळी झेंडावंदन. गाणे आठ.

खरं सांगाचं तर मलेही वाटते की गाणे एकमेकासारखे आहेत. मंग रात्री विचार केला. बाजारात आपण कोणत्या मालाले भाव देतो? एकजात मालाले. वरून खालपर्यंत गंजी सारखी पाह्यजे. एक मूठ लांब धाग्याची आणि एक मूठ आखूड निघाली की व्यापारी नाक मुरडते. रूपरावचा माल एकजात आहे. याले क्वालिटी म्हणतात.

डोमाजीले दुकानात जाऊन हे समजावलं. कापडाचा व्यापारी आहे, लगेच पटलं. म्हणे, आमच्यातही ताग्यातला कपडा सगळा सारखाच लागते.

२२ ऑगस्ट, रविवार

घर बरंच शांत झालं आहे. विहिरीवर गडबड नाई, तांदूळ निवडताना गडबड नाई. शिस्त लागली.

यशोदा म्हणे, पोट्टी गात नाई आताशा. मी म्हटलं, रोज एक तास गाते की मास्तरपुढं. म्हणे, ते नाई, आपलं आपलं गात नाई. मी म्हटलं, दिवसभर बंडी हाकलेला माणूस घरी येऊन अंगणात बंडी हाकते काय? यशोदानं माझ्याकडं असं पायलं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन पेपर वाचला.

५ सप्टेंबर, रविवार

एकवीस पुरे. तारखेच्या आधी. रूपराव पेढ्याचा पुडा घेऊन आले. मी भिंतीवर शेवटची रेघ मारली आणि लीनाले म्हटलं, बघ, दोन महिन्यात. नालवाडीले असती तर अजून 'सा'वरच असती. ती म्हणे, हो आबाजी.

खूश आहे पोट्टी. दाखवत नाई.

पुनवेले सगळ्या गल्लीले बोलावतो. प्रभाकररावाले मुद्दाम.

१२ सप्टेंबर, रविवार. भुलाबाई बसल्या.

लिहायचं तर लिहितो.

आमच्याकडं दरसाल भुलोबा-भुलाबाई मातीचे बसवतात, ज्वारीच्या धांड्यायचा मखर करतात. संध्याकाळी गल्लीतल्या पोट्ट्या येतात, गाणे म्हणतात, मंग बंद डब्यात खाऊ कोणता ते ओळखतात. गाणे लीना उचलते. पाच वर्षाची होती तवापासून तीच उचलते, बाकीच्या मागून घेतात. यंदा मी सांगतलं, पयले लीना एकटी म्हणेल. सतरंजी टाकली. प्रभाकरराव, डोमाजी, बायामाणसं, सगळे.

पयलं गाणं. वाहवा. दुसरं. ठीक. तिसऱ्याले पोट्ट्या एकमेकीकडं पाहू लागल्या. चौथं सुरू झालं तसा डोमाजी मोठ्यानं म्हणे, हे झालं की बाप्पा, पुढचं येऊ द्या. मी म्हटलं, हे पुढचंच आहे. पाचव्याले समोर बसेल सहा वर्षाची एक चिमणी पोट्टी लीनाच्या आधीच चाल म्हणू लागली, शब्द माहीत नसताना. अगदी बरोबर म्हणत होती. मंग सगळ्या पोट्ट्या म्हणू लागल्या. मंग सगळे हसू लागले. प्रभाकरराव हसले नाईत. त्यायनं खाली पायलं. ते मले जास्त लागलं.

लीना थांबली. उठली. आत गेली. इंदिरा मागं गेली.

पोट्ट्यायनं मंग नेहमीचे गाणे सुरू केले. पण उचलणारी नोती. कोणी वर गेली, कोणी खाली. डब्यात करंज्या होत्या. कोणीच ओळखल्या नाईत, मीच सांगून टाकलं.

१३ सप्टेंबर, सोमवार

रूपरावाच्या घरी गेलतो. चांगला झापला. म्हटलं, एकवीस गाण्याले एकच चाल? तो पान लावत होता. म्हणे, महादेवराव, तुम्ही गाणे मोजून घेतले. गाणे एकवीस आहेत की नाई? म्हटलं, आहेत. म्हणे, चालीची गोठ झाली होती काय? नोती झाली. म्हणे, तुम्ही काठी घेऊन समोर बसता, पोट्टी भिंतीकडं पाहते, मी काय करू. एक चाल बसवली नीट, सगळे शब्द तिच्यात भरले. उक्त्याचं काम असंच असते, तुम्हाले काय सांगाचं.

मले पान देल्लं. मी खाल्लं. ठरावात माझी काई चूक नोती, चालीचं कलम तेवढं राह्यलं.

१९ सप्टेंबर, रविवार

पोट्ट्या रोज संध्याकाळी दारात येतात. लीना, चाल वं. ती आतूनच म्हणते, डोकं दुखते. सात दिवस झाले. कोणाचं डोकं रोज त्याच वेळी दुखते?

केशव तिले घेऊन ओट्यावर बसला होता. काय बोलले माहीत नाई. मंग मले म्हणे, बाबा, ती म्हणते तिले गाणं नाई पाह्यजे. मी म्हटलं, लाहान पोट्टी आहे, आज नाई म्हणेल, उद्या हो म्हणेल. तो म्हणे, तुम्ही तिले चार महिन्यात कवा काई इचारलं? अडीच झाले, चार नाई. हिशेब चुकला की माणूस खोटा पडते, पण मी त्याले तसं म्हटलं नाई.

२६ सप्टेंबर, रविवार

उपाय केले. तिच्यासाठी पेटी घेऊन देतो म्हटलं. नको. रेडिओ? नको. नागपूरले गाण्याच्या प्रोग्रामले नेतो? आबाजी, मले तांदूळ निवडाचे आहेत.

निवडत होती. खडे ताटात टाकायचा आवाज येत होता. मी आजवर तो आवाज कवा ऐकला नोता.

भिंतीवरच्या रेघा पुसल्या. चुन्याचा हात देल्ला. तशीही दिवाळीले सफेदी करायचीच होती.

३ ऑक्टोबर, रविवार

यशोदा जेवताना म्हणे, मास्तर शोधून आणले तीन. आता पोट्टीचा आवाज शोधून आणा.

बायायले बोलायले काय लागते.

५ ऑक्टोबर, मंगळवार

घरी सांगतलं, बोंड पाहायले वावरात जातो. नालवाडीले गेलतो. पायीच, तानबाले कळायले नको म्हणून.

बाई तंबोरा लावत होत्या. पाच पोरी बसेल होत्या. मी आपल्या मनानं ओसरीत बसलो. काठी बाहेर भिंतीले टेकवली. बाईनं पायलं, पण हात थांबवला नाई. लावत राह्यल्या. पयले मले वाटलं, मले चिडवाले करतात. मंग एक तार अशी लागली की दुसरी आपोआप... ते मले लिहिता येत नाई. काटा मधोमध थांबते तसं. बस.

पोरी गेल्यावर बाईले सगळं सांगतलं. उक्त्याचं सांगतलं तवा त्यायनं पदर तोंडाले लावला. हसल्या की काय, माहीत नाई. मी म्हटलं, उद्या पोट्टीले घेऊन येतो. म्हणे, आणू नका. मी म्हटलं, म्हणजे? म्हणे, तुम्ही आणली तर ती तुमच्यासाठी गाईल. तिची तिले यावंसं वाटलं तर येऊ द्या, जागा मी करीन. आणि आली तर घरी कोणी इचारायचं नाई, आज काय शिकली, किती झालं. कौतुक नाई, चेष्टा नाई. मी म्हटलं, घरच्यायले सांगतो. म्हणे, घरच्यायचं नाई, तुमचं बोलून राह्यली.

सगळ्या अटी मी तिथंच मान्य केल्या. सौदा मीच जमवला. बाईले वाटते त्या जिंकल्या.

७ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

आणायची नाई, सांगायचं नाई, इचारायचं नाई. पण बोलायले बंदी नाई. सोनं वाटताना मोठ्यानं म्हटलं, नालवाडीचा रस्ता आता कोरडा झाला. कोणी लक्ष देल्लं नाई. जेवताना म्हटलं, तानबाचा टांगा सकाळी रिकामाच असते. इंदिरा म्हणे, मामाजी, कुठं जायचं आहे काय? मी म्हटलं, मले कुठं जायचं.

लीना वर पाहत नोती. पण कढी वाढता वाढता थांबली. मी पायलं.

११ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.

भुलाबाई उठल्या. पोट्ट्यायनं आपल्या आपल्या परीनं गाणे म्हटले. लीना दारात उभी होती, चौकटीले धरून. आतही नाई, बाहेरही नाई. मी यशोदाले सगळं सांगून टाकलं, नालवाडी, ओसरी, अटी. तिनं आटवायचं दूध उतू जाऊ देल्लं. म्हणे, तुम्ही काठी बाहेर ठेवली?

बाईमाणसाले नेमकं तेच दिसते.

१८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी उठलो तर यशोदा नाई, लीना नाई. तानबाचा टांगाही नाक्यावर नोता. दहा वाजता दोघी परत आल्या. यशोदा सरळ चुलीकडं. लीनानं पाय धुतले, माझ्यासमोरून गेली.

इचारायचं नाई.

माझा चहा थंड झाला. दुसरा सांगतला, तोही.

३१ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. माल यायले लागला, बंड्यायची रांग आहे, मले बोलायले फुरसत नाई. तशीही गप राहाची कल्पना मुळात माझीच होती. बाई नालवाडीची पयल्या दिवशीच मी पाहून ठेवेल होती, बाकीचे दोघं तुलनेसाठी बोलावले. दोन-चार ठिकाणी माल पायल्याशिवाय सौदा करतच नाईत.

केशव म्हणे, हो बाबा. चांगला पोरगा आहे.

१४ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी बाजारातून आलो. लीना मागच्या अंगणात कंदिलाच्या काचा पुसून राह्यली होती. पाठ माझ्याकडं. गुणगुणत होती. शब्द नाई, एकच सूर, लांब, मंग जरासा हलला आणि परत जागेवर. मी दारात उभा. पायात चपला होत्या, काढल्या नाई, आवाज होईल म्हणून. किती वेळ उभा होतो माहीत नाई. इचारावं वाटलं, हेच काय ते? हेच वर्षभर चालते काय? मंग तिनं मान वळवली आणि मले पायलं.

थांबली.

मी म्हटलं, मी काई ऐकलं नाई. आणि समोरच्या ओट्यावर जाऊन बसलो. मागून बराच वेळ काई आलं नाई. मंग आलं.

१५ नोव्हेंबर, सोमवार

डोमाजी दुकानात म्हणे, काय महादेवराव, नातीचे किती गाणे झाले? म्हटलं, माहीत नाई. म्हणे, एखादं तरी? म्हटलं, माहीत नाई. म्हणे, मंग शिकते तरी काय ती? मी म्हटलं, तू कपडा माप. तो म्हणे, तुम्ही ऐकत नाई काय घरी? मी उठून आलो.

घरी काय ऐकतो ते त्याले सांगतलं नाई, आणि इथंही लिहिणार नाई. मले या विषयावर काई बोलायचं नाई.